जपानी बौद्धांचे ताट आणि आपली चूल



विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की तयारीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. मंडप कुणाचा, लाऊडस्पीकर कुणाचा, वर्गणी किती, हे सगळे अर्ध्या तासात मिटते. पण भोजनदानाचा विषय आला की रात्रीचे अकरा वाजतात. एक गट म्हणतो, बौद्ध म्हणजे शाकाहारी, पुरी-भाजी आणि खीर एवढेच हवे. दुसरा म्हणतो, असे कुठे लिहिलेय? आणि मग कुणीतरी जपानचा दाखला देतो. पहिला म्हणतो, जपान बौद्ध देश, तिथे हजार वर्षे मांस शिजले नाही. दुसरा म्हणतो, अहो, ते तर कच्चा मासा खातात! दोघांचेही खरे आहे, आणि दोघांचेही अर्धेच आहे. म्हणून आम्ही ठरवले की या स्मरणिकेत जपानच्या अन्नाचा इतिहास थोडा तपशिलात मांडावा. तो मांडताना आपल्या चुलीचा इतिहास मधे आल्याशिवाय राहणार नाही, हे आधीच सांगतो.

प्रथम तथागतांकडे जाऊ. भिक्खू भिक्षापात्रात जे पडेल ते खात. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही आणि तशी शंकाही नाही, असे मांस घ्यायला विनयात मनाई नव्हती. देवदत्ताने संघात फूट पाडताना ज्या पाच मागण्या पुढे केल्या त्यांत एक मागणी भिक्खूंनी मांस-मासे कधीच खाऊ नयेत अशी होती. तथागतांनी ती सर्वांवर सक्ती म्हणून लादायला नकार दिला. चुंद लोहाराने वाढलेले शेवटचे सूकरमद्दव डुकराचे मांस होते की अळंबी, यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे. तो आम्ही इथे सोडवत नाही. पुढे महायान पंथात मांसवर्ज्य करणारी सूत्रे आली, आणि चीन-कोरियामार्गे इसवी सनाच्या सहाव्या शतकात धम्म जपानात पोचला तो या महायानाच्या रूपात.

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मुने फर्मान काढले. गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाऊ नये. पण नीट वाचले तर या फर्मानात दोन फटी दिसतात. बंदी वर्षातल्या चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंतची, म्हणजे शेतीच्या दिवसांतली होती. आणि हरीण, रानडुक्कर ही शिकारीची जनावरे यादीत नव्हती. नांगराचा बैल जगला पाहिजे हा राज्याचा हिशोबही त्यात होता, एकटी करुणा नव्हती. तरी पुढच्या राजांनी अशी फर्माने पुन्हा पुन्हा काढली, मठांचा प्रभाव वाढला, आणि चार पायांचे जनावर हळूहळू जपानी ताटातून बाजूला झाले. मासा मात्र राहिला. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर मासा कोण सोडणार? आपल्या उत्तनच्या कोळ्यांना विचारा!

मग या ताटात उरले काय? तर भात, एक रस्सा, तीन पदार्थ आणि लोणचे. जपानीत त्याला ‘इचिजू सान्साइ’ म्हणतात, म्हणजे एक रस्सा, तीन तोंडीलावणी. रस्सा बहुधा मिसोचा. मिसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि तांदळावर किंवा जवावर वाढवलेली ‘कोजी’ नावाची बुरशी एकत्र मुरवून केलेला गोळा. तो महिनोन्‌महिने आंबवतात. सोयाबीन आणि गहू वापरून त्याच कोजीने त्यांचा काळा शोयु होतो, जो आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर सोया सॉस म्हणून ओळखतात. मांस गेले तिथे सोयाबीन आले, मिसोतून, शोयुतून आणि तोफूतून. तोफूला आपण सोयाचे पनीर म्हणू.

या स्वयंपाकात तेल फार थोडे आणि मसाला जवळजवळ नाहीच. उकडणे, वाफवणे, निखाऱ्यावर भाजणे, मुरवणे. फोडणी हा प्रकार नाही. आपल्याला वाटेल, मग चव कुठून येते? ती येते ‘दाशी’तून. दाशी म्हणजे पाण्यात कोंबु नावाचे वाळवलेले समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या माशाचा कीस घालून काढलेले पाणी. हा मासा आपल्या कुप्याच्या जातीतला. तो उकडून, धूर देऊन, वाळवून, वर बुरशी चढवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यासारख्या पात्यावर किसतात. मठात मासा चालत नाही, तिथे कोंबु आणि सुक्या अळंबीची दाशी. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबुच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडच्या त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. हे वाचले तेव्हा आम्हाला आपल्या घरच्या सुक्या जवळ्याची आठवण झाली. कांद्यात मूठभर जवळा पडला की नुसत्या पाण्याला चव येते, हे आपल्या आयाबायांना कुणा शास्त्रज्ञाने सांगायची गरज पडली नव्हती. तारोडी-उत्तनकडे वलांड्यांवर बोंबील सुकताना आपण रोज बघतो, वासाने नाकही मुरडतो. त्याच वाळवलेल्या माशाच्या वासावर जपानची सगळी पाककला उभी आहे.

जाता जाता एक गोष्ट. जपानी म्हणून जगभर खाल्ला जाणारा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा किंवा भाजी, हा मुळात पोर्तुगीजांकडून घेतलेला. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ साली. वसईचा मुलूख त्यांच्या हाती आला १५३४ मध्ये, आणि आपला हा डोंगरी-तारोडीचा पट्टाही १७३९ पर्यंत त्यांच्याच अमलाखाली होता. इथे त्यांनी चर्चे बांधली आणि मिरची आणली. ज्या ठेच्याचा आपल्याला एवढा अभिमान, तो या गोऱ्या साहेबाच्या गलबतातून उतरलेल्या मिरचीचा! मिरची जपानातही पोचली, पण तिथे ती चिमटीतच राहिली.

मठातल्या अन्नाला जपानात ‘शोजिन र्योरी’ म्हणतात, साधनेचे अन्न असा त्याचा अर्थ लावता येईल. त्याला खरी प्रतिष्ठा दिली ती झेनच्या सोतो पंथाचे संस्थापक दोगेन यांनी. १२२३ साली हा तरुण भिक्खू धम्म शिकायला चीनला गेला. बंदरात जहाजावरच थांबलेला असताना साठी उलटलेला एक म्हातारा भिक्खू पायपीट करून अळंबी विकत घ्यायला आला. तो एका मठाचा ‘तेन्झो’ म्हणजे स्वयंपाकप्रमुख होता. दोगेनने त्याला विचारले की या वयात ध्यान सोडून चुलीपाशी राबायची तुम्हाला काय गरज? म्हातारा हसला आणि म्हणाला की परदेशी मित्रा, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेले नाही. दोगेनने ही गोष्ट आयुष्यभर जपली, आणि १२३७ मध्ये ‘तेन्झो क्योकुन’ हा छोटा ग्रंथ लिहिला, तो मठाच्या स्वयंपाक्यासाठी. तांदूळ निवडताना एक दाणा वाया जाऊ देऊ नये, जाडाभरडा पाला असला तरी त्याला कमी लेखू नये, चांगली वस्तू आली म्हणून हुरळू नये, असा त्याचा रोख आहे. मठातल्या मोठ्या पदांमध्ये तेन्झोचे पद धरले गेले. आपल्याकडे कार्यक्रमाच्या दिवशी पुरुषमंडळी मंचावर भाषणे करतात आणि महिला मंडळ मागे चुलीवर धुरात असते, आभारप्रदर्शनात शेवटच्या ओळीत त्यांचा उल्लेख होतो. दोगेनने ते पाहिले असते तर मंचावर कुणाला बसवले असते, याचा कार्यकर्त्यांनी विचार करावा.

इथपर्यंत पहिला गट खूश झाला असेल. पण कथा इथे थांबत नाही.

जनावर खायचे नाही म्हटले तरी जनावर मरतेच. बैल मरतो, घोडा मरतो. ढोलाला चामडे लागते, खोगिराला लागते, सामुराईच्या चिलखताला लागते. ते ओढून कोण नेणार, कातडे कोण सोलणार? जपानात या कामाला लोक होते. त्यांना ‘एता’ म्हणत. विटाळाने भरलेले असा त्या शब्दाचा अर्थ. त्यांची वस्ती गावाबाहेर, लग्न त्यांच्यातच, गावातले मेलेले ढोर त्यांच्या वाट्याचे. हे वाचून तुमच्या अंगावर काटा आला नाही तर नवल. मराठी गावाच्या वेशीबाहेर जे होते तेच तिकडे, भाषा वेगळी, समुद्र वेगळा, आणि तिथे मनुस्मृती नव्हती! शिंतो धर्मातली विटाळाची कल्पना आणि बौद्ध मठांनी पसरवलेली हत्येची घृणा या दोन्हींचा त्यात हात होता. हे लिहिताना बौद्ध म्हणून आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. इतकेच काय, या लोकांच्या मरणानंतर ठेवायच्या धार्मिक नावांत काही ठिकाणी भिक्षूंनी ‘पशू’ या अर्थाची अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली. १९७९ साली अमेरिकेत झालेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या, होय, दोगेनच्याच पंथाच्या, एका बड्या पदाधिकाऱ्याने जपानात असा भेदभावच नाही असे सांगितले. त्यावर तिथल्या पीडितांनी आवाज उठवला, आणि त्याला आपले शब्द मागे घेऊन माफी मागावी लागली.

ताटात मांस नाही याचा अर्थ समाजात हिंसा नाही असा होत नाही. मांस न खाणाऱ्यांचे हात स्वच्छ राहावेत म्हणून कुणाचे तरी हात कायमचे अस्वच्छ ठरवले गेले. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या आपल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात भारतातल्या अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसाच्याच प्रश्नावर बोट ठेवले होते. गावाबाहेर राहणारे, मोडलेल्या टोळ्यांचे लोक बौद्ध होते. ब्राह्मणांनी गोमांस सोडले, यांनी सोडले नाही, म्हणून ते अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धांत. भारतात बौद्ध म्हणून बहिष्कृत झाले, जपानात बौद्धांच्या राज्यात बहिष्कृत झाले. दोन्हीकडे मधे ते मेलेले ढोर.

पण त्या वस्त्यांतल्या लोकांनी खाल्ले काय? फेकून दिलेले. ओसाकाच्या परिसरातल्या त्या वस्त्यांत ‘साइबोशी’ नावाचा पदार्थ होतो. घोड्याच्या किंवा गायीच्या मांसाच्या पट्ट्या मीठ लावून वाळवलेल्या. दुसरा ‘आबुराकासु’. आतडी त्यांच्याच चरबीत मंद तळायची, चरबी निघून गेली की कुरकुरीत तुकडे उरतात, ते रश्शात, भाजीत घालायचे. आपल्या वस्तीत मराठवाड्याकडून, देशावरून आलेली जी जुनी माणसे आहेत, त्यांना हे काय आहे ते समजावून सांगावे लागणार नाही. साइबोशी म्हणजे चान्या. दोरीवर किंवा छपरावर टाकलेल्या मांसाच्या पट्ट्या, खाली काठी घेऊन कावळे हाकलायला बसवलेले पोर, आणि पावसाळ्यात काम नसताना मूठभर चान्या आणि ज्वारीच्या कण्या. आमच्या आजीने हे सांगितले तेही आवाज खाली करून, शेजारच्या खोलीत पाहुणे होते म्हणून.

आपले जुने अन्न कसे होते? महारवाड्यात तेल दिव्यापुरते नसायचे तिथे फोडणीला कुठून? तिखट, मीठ आणि पाणी. वजडी, पाया, मुंडी, रक्ती; जनावराचा एक भाग टाकायचा नाही. रानात उगवेल ती भाजी, तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू. हुलग्याचे माडगे. कोकणात नाचणीची भाकरी आणि सुकट. आणि येसकराच्या पाळीची भाकरी. हातात घुंगराची काठी, खांद्याला घोंगडे, घरोघरी जोहार घालायचा, आणि जे उरलेसुरले, शिळे-आंबलेले वाढले जाईल ते एका फडक्यात गोळा करून आणायचे. दहा घरांची दहा कालवणे एका भांड्यात. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले ते या हक्काच्या भिकेवरून.

आता जरा शेजारी ठेवून पाहा. कमी तेल, ऋतूप्रमाणे पालेभाजी, वाळवलेले आणि मुरवलेले पदार्थ, काही वाया न घालवणे. ही जपानी पाककलेची लक्षणे म्हणून पुस्तकांत छापतात, आणि डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने जपानच्या ‘वाशोकु’ला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. हीच लक्षणे आपल्या चुलीवर होती, तर तिला दारिद्र्य म्हटले गेले. जपानी शेतकऱ्यालाही पांढरा भात रोज मिळत नव्हता, भात सारा म्हणून जायचा आणि घरात जव-बाजरी शिजायची. पण त्याची गरिबी नंतर संस्कृती झाली. आपल्या पदार्थांची नावे पाककृतीच्या पुस्तकांत येत नव्हती. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर पुस्तक काढले आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. खाणावळीच्या भिंतीवर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ लिहिलेले असते, तिथे एक अक्षर वाढवून त्यांनी हिशोब मागितला.

मात्र इथे एक घोटाळा होऊ नये. चान्या आपल्या होत्या म्हणून त्या गोड मानाव्यात असे आमचे म्हणणे नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले ते स्पष्ट होते. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, ढोरे ओढू नका, शिळे तुकडे मागू नका. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला सगळ्यांना आठवते, पण त्याच परिषदेत ताटाचाही प्रश्न होता हे आपण विसरतो. त्यांनी मांस सोडा म्हटले नाही, मुडदार सोडा म्हटले. मुडदार हे अन्न नव्हते, ती गुलामीची पावती होती. गावोगाव लोकांनी ठराव केले, ढोरे ओढणे बंद केले, आणि त्यापायी मार खाल्ला, बलुते बंद झाले, उपासमार सोसली. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही बाबासाहेबांनी हा विषय काढला होता. मेलेल्या ढोराची कातडी, शिंगे, हाडे विकून इतके पैसे मिळतात, ते तुम्ही का सोडता, असा हिशोब मांडणाऱ्यांची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली. एवढा फायदा आहे तर तुम्हीच करा की, हा त्याचा मथितार्थ.

जपानात उलटे झाले. १८७१ मध्ये सरकारने एक फर्मान काढून ‘एता’ हे नाव रद्द केले, त्याच वर्षी मेलेल्या ढोरांवरचा त्यांचा हक्कही काढून घेतला. पोटाचे साधन गेले, विटाळ मात्र राहिला. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजीने जाहीरपणे गोमांस खाल्ले, आणि त्याच वर्षी भिक्षूंनाही मांस खायला व लग्न करायला सरकारने मोकळीक दिली. बाराशे वर्षांचा निषेध एका वर्षात उठला. गोमांस खाणे सुधारलेपणाचे लक्षण ठरले. ते हजार वर्षे खाणारे मात्र अस्पृश्यच. शेवटी ३ मार्च १९२२ ला क्योतो शहरात त्यांनी स्वतःच ‘सुइहेइशा’ नावाची संघटना उभी केली, आणि आमच्या माणूसपणाचा मान आम्हीच मिळवणार असे जाहीर केले. महाडच्या पाचच वर्षे आधी. एकमेकांचे नावही ठाऊक नसताना.

तेव्हा बैठकीतल्या दोन्ही गटांना एवढेच सांगायचे की जपानचा दाखला कुणाच्याच कामाचा नाही. तिथल्या मठात शोजिन र्योरी आजही शिजते, बाहेर मासा आहे, गोमांस आहे, आणि बहुतेक भिक्षू घरसंसारी आहेत. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारूला मनाई आहे. मटणाचा उल्लेख नाही. वर्धापनदिनाला खीर करायची तर सुजाताची आठवण म्हणून जरूर करा, पण ज्याच्या घरी काल बोंबील शिजला तो कमी बौद्ध, असे कुणी म्हणू नये.

ओसाकात आता आबुराकासु घातलेले उदोन, म्हणजे जाड शेवयांचा रस्सा, हॉटेलांत मिळतो. वस्तीबाहेरची तरुण मुले रांगेत उभी राहून तो खातात. त्यातल्या किती जणांना ते तुकडे कुठल्या चुलीवरून आले हे माहीत असेल? आपल्याकडे चान्या हा शब्द माहीत असलेली माणसे आता वस्तीत बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जणी दर पौर्णिमेला वंदनेला भिंतीकडच्या रांगेत बसतात. वर्षावासात एखाद्या रविवारी ग्रंथवाचन झाल्यावर त्यांना बोलते करावे, आणि दहावी-बारावीच्या मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. पहिल्या रविवारी बोलायला आमची आजी तयार झाली आहे. आवाज खाली न करता.